नांव एकाचें, घडण दुसऱ्याची
(नभोवाणीवरील भाषण)

संगणक विकत घेण्यास निघालेला गृहस्थ दुकानदाराला पुष्कळ प्रश्न विचारतो. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, पडदा किती इंचांचा, याची तो कसून चौकशी करतो. परंतु या सर्वांना जिच्यामुळें जीव येतो त्या पत्र्याच्या पेटीविषयीं तो एक अक्षरहि काढीत नाहीं. बाजारांत तिला एसएमपीएस म्हणतात. जाणकार तिला पॉवर सप्लाय म्हणतात. आजच्या भाषणांत तिच्यासंबंधीं दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. तिच्यावर ज्याचें नांव छापलेलें असतें, त्यानेंच ती घडविलेली असते काय? आणि ती चांगली घडली आहे कीं वाईट, हें पेटी न उघडतां आपणांस कसें ओळखतां येईल?

हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा आहे असें कोणी समजूं नये. लातूर जिल्ह्यांतील जळकोटसारख्या डोंगराळ तालुक्याच्या गांवीं आज सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म, परीक्षेचें प्रवेशपत्र हीं सर्व कामें सेवा केंद्रांतील एखाद-दुसऱ्या संगणकावर चालतात. पीकविम्याच्या अखेरच्या दिवशीं केंद्रासमोर रांग उभी असतांना ती पेटी बसली, तर केंद्रचालकाचें नुकसान थोडें आणि रांगेंतील शेतकऱ्यांचें अधिक होतें. शिवाय वाईट पॉवर सप्लाय कित्येकदां एकटा मरत नाहीं. जातांना तो मदरबोर्ड आणि हार्डडिस्क यांनाहि बरोबर नेतो. त्या डिस्कवरील हिशेब आणि मुलांचीं छायाचित्रें मग पैसे मोजूनहि परत मिळतीलच असें नाहीं.

प्रथम या पेटीचें काम पाहूं. आपल्या भिंतींतील प्लगांत येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० वेळां आंदोलन पावणारी अशी असते. संगणकाच्या अवयवांना हवी असते ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेनें वाहणारी वीज. जुन्या रेडिओंत असलें काम लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर करीत असे. या पेटींत युक्ति निराळी आहे. आलेली वीज आधीं एकदिश करून एका मोठ्या कपॅसिटरमध्यें सांठवितात. तेथें तिचा दाब सव्वातीनशें व्होल्टच्या घरांत जातो, आणि सुधारलेल्या रचनेंत तो चारशेंच्या जवळ नेतात. मग ट्रान्झिस्टररूपी कळ सेकंदाला हजारों वेळां उघडझाप करून ती वीज एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे ढकलते. उघडझाप जितकी जलद, तितका ट्रान्सफॉर्मर लहान चालतो. १९७७ सालच्या अ‍ॅपल टू या संगणकासाठीं रॉड होल्ट या अभियंत्यानें अशाच तऱ्हेचा पॉवर सप्लाय योजला होता. १९८१ सालच्या आयबीएमच्या पहिल्या पीसीला अवघे ६३.५ वॉट पुरत. आज साध्या संगणकाच्या पेटीवरहि ४५० वॉटचा आंकडा दिसतो.

आतां नांवाकडे वळूं. लातूरची तूरडाळ ज्यांच्या घरीं शिजते त्यांना ही गोष्ट समजावून सांगण्यास फार वेळ लागणार नाहीं. डाळ लातूरच्या गिरणींत भरडली जाते. पिशवीवर नांव मात्र मुंबईच्या किंवा दिल्लीच्या व्यापाऱ्याचें असूं शकतें. एकाच गिरणीची डाळ तीन पिशव्यांतून तीन नांवांनीं विकली जाते, आणि एकाच नांवाच्या पिशवींत यंदा एका गिरणीची व पुढील वर्षीं दुसऱ्या गिरणीची डाळ येते. निलंगा तालुक्यांतील बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें यासाठींच महत्त्वाचें, कीं तेथें माल आणि मूळ यांची गांठ कायद्यानें बांधली गेली. पॉवर सप्लायच्या पेटीला अशी गांठ नाहीं.

या धंद्यांतील खरे कारागीर बहुतांशीं तैवान आणि चीन या देशांतले आहेत. तैवानची डेल्टा इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी १९७१ सालीं दूरदर्शन संचांचे सुटे भाग करण्यासाठीं निघाली आणि पुढें पॉवर सप्लायच्या धंद्यांत जगांतील अग्रेसर कंपन्यांपैकीं एक झाली. सीसॉनिक १९७५ ची. सुपर फ्लॉवर, एफएसपी आणि चॅनेल वेल, जिला व्यापारांत सीडब्ल्यूटी म्हणतात, या त्यानंतरच्या. चीनची ग्रेट वॉल ही आणखी एक. तैवानी कंपन्यांचेहि बरेच कारखाने चीनच्या भूमीवर आहेत. यांपैकीं सीसॉनिक, सुपर फ्लॉवर आणि एफएसपी या स्वतःच्या नांवानें माल विकतात आणि त्याच वेळीं दुसऱ्यांसाठींहि घडवितात.

उलट, दुकानाच्या फळीवर जीं नांवें ठळक दिसतात, त्यांचा मूळ धंदा पुष्कळदां निराळाच असतो. कोर्सेअर ही अमेरिकन कंपनी १९९४ सालीं मेमरीच्या व्यवसायांत उतरली. तिनें २००६ सालीं पहिला पॉवर सप्लाय बाजारांत आणला, तो सीसॉनिकनें घडविलेला होता. पुढें तिच्या व्हीएक्स मालिकेंत ४५० वॉटचा नमुना सीसॉनिकचा आणि ५५० वॉटचा सीडब्ल्यूटीचा होता. म्हणजे नांव एक, मालिका एक, रंग एक, आणि आंतील कारागीर दोन! त्याच कंपनीच्या सीएक्स ४५० या नमुन्यांत तर एकाच नांवाखालीं कांहीं पेट्या सीडब्ल्यूटीच्या आणि कांहीं ग्रेट वॉलच्या निघाल्या. अँटेक कंपनीची अर्थवॉट्स मालिका आधीं सीसॉनिक करी, नंतर डेल्टा करूं लागली. ग्राफिक्स कार्डांसाठीं प्रसिद्धीस आलेल्या ईव्हीजीएनें आपले जी२ आणि जी३ हे नमुने सुपर फ्लॉवरकडून करून घेतले; जी५ मात्र एफएसपीकडून. नांवापुढील आंकडा वाढला म्हणजे तीच वस्तु सुधारून आली, असें ग्राहक समजतो. प्रत्यक्षांत ती दुसऱ्याच कारखान्यांतली दुसरीच वस्तु असूं शकते.

यांत लबाडी आहे काय? सरसकट तसें म्हणतां येणार नाहीं. कांहीं कंपन्या आपले अभियंते ठेवून रचना ठरवितात, सुटे भाग कोणते वापरावयाचे तें लिहून देतात, आणि आलेला माल तपासून घेतात. कांहीं कंपन्या कारखान्याची तयार रचना घेतात व तींत आपल्या किंमतीप्रमाणें थोडा फेरबदल करवितात. आणि कांहीं नुसता तयार माल उचलून त्यावर आपली चिठ्ठी डकवितात. पहिल्या तऱ्हेंत नांवाला अर्थ आहे, दुसरींत अर्धा आहे, तिसरींत मुळींच नाहीं. बाहेरून मात्र तिन्ही पेट्या सारख्याच काळ्या आणि सारख्याच चकचकीत दिसतात. हेंहि ध्यानांत ठेवावें, कीं चांगला कारखानासुद्धां स्वस्त माल मागणाऱ्याला स्वस्त मालच करून देतो. सीडब्ल्यूटीनें उत्तम पेट्याहि घडविल्या आहेत आणि सामान्यहि. तेव्हां कारखान्याचें नांव समजलें कीं निम्मी माहिती हातीं आली. उरलेली निम्मी त्या विशिष्ट नमुन्याच्या परीक्षणांतून मिळवावी लागते.

चांगल्या आणि वाईट घडणींत भेद कोठें पडतो? वीज आंत शिरते तेथें प्रथम गाळणी असते. कांहीं तारेचीं वेटोळीं व लहान कपॅसिटर मिळून ती होते. पेटींतील उघडझापीचा गोंगाट बाहेरील तारांत जाऊं नये आणि बाहेरचा आंत येऊं नये, हें तिचें काम. अगदीं स्वस्त पेटींत छापील पाटीवर या भागांसाठीं जागा आंखलेल्या असतात, पण तेथें भाग नसतात. तारेचा एक तुकडा डाख देऊन जोडलेला असतो. त्यानंतर मुख्य कपॅसिटर. त्याला घरावरील पाण्याच्या टांकीची उपमा शोभेल. नळ क्षणभर बंद पडला तरी टांकींत पाणी असेपर्यंत तोटी वाहते. इंटेलनें १९९५ सालीं रूढ केलेल्या एटीएक्स नियमावलींत वीज गेल्यावर पेटीनें सुमारें १७ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा आहे. कपॅसिटर लहान बसवून पैसे वांचविले, कीं हा अवधि घटतो. मग दिवे नुसते लुकलुकले तरी संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि इन्व्हर्टरला दोष लागतो.

पलीकडच्या बाजूस, १२ व्होल्टचा प्रवाह किती संथ आहे याला महत्त्व. त्याच नियमावलीप्रमाणें १२ व्होल्टच्या तारेवर तरंग १२० मिलिव्होल्टहून आणि ५ व्होल्टच्या तारेवर ५० मिलिव्होल्टहून अधिक नसावा, आणि दाबांत शेंकडा पांचापेक्षां अधिक फरक पडूं नये. हे तरंग निवविणारे कपॅसिटर कोणत्या प्रतीचे, यावर पेटीचें आयुष्य ठरतें. म्हणूनच जाहिरातींत जपानी कपॅसिटरचा एवढा उच्चार असतो. निप्पॉन केमिकॉन, रुबिकॉन, निचिकॉन हीं तीं नांवें. आणि सर्वांत शेवटीं संरक्षणें: दाब फार वाढला, फार उतरला, ओझें मर्यादेबाहेर गेलें, तारा एकमेकींस चिकटल्या, अथवा उष्णता चढली, तर पेटीनें स्वतः बंद पडलें पाहिजे.

संरक्षणाचा आंकडा चुकला तर काय होतें याचें उदाहरण २०२१ सालीं जगासमोर आलें. जिगाबाइट या नामांकित कंपनीच्या ७५० आणि ८५० वॉटच्या दोन नमुन्यांविषयीं तक्रारी आल्या. गेमर्स नेक्सस या अमेरिकन परीक्षकांनीं केलेल्या चाचण्यांत ७५० वॉटच्या पेट्या मोठा आवाज करून जळाल्या. ऑगस्ट महिन्यांत कंपनीनें प्रसिद्ध केलें, कीं अतिभाराचें संरक्षण पूर्वीं क्षमतेच्या १२० ते १५० टक्क्यांवर चालू होत होतें, तें आतां ११० ते १२० टक्क्यांवर आणलें आहे. आणि ठराविक क्रमांकांच्या पेट्या बदलून देण्याचेंहि तिनें मान्य केलें. नांव मोठें होतें, पेटीवर सोनेरी प्रमाणचिन्हहि होतें. दोहोंनीं पेटी वांचली नाहीं.

या प्रमाणचिन्हाविषयीं गैरसमज फार आहे. ‘एटी प्लस’ ही योजना अमेरिकेंत २००४ सालीं निघाली. पेटीनें घेतलेल्या विजेपैकीं किती वीज संगणकाला पोंचते आणि किती उष्णतेंत जाते, एवढेंच ती मोजते. साध्या चिन्हाला २०, ५० व १०० टक्के भारावर निदान ८० टक्के कार्यक्षमता लागते. ११५ व्होल्टवरील चाचणींत ब्राँझला अर्ध्या भारावर ८५ आणि गोल्डला ९० टक्के लागतात. ही चाचणी २३ अंश सेल्सियसच्या सुमाराच्या थंड खोलींत होते. जळकोटला मे महिन्यांत दुपारीं पारा चाळीस अंशांवर जातो. शिवाय कपॅसिटर किती वर्षें टिकतील, संरक्षणें वेळेवर चालतील काय, पंख्याचें बेअरिंग कसलें आहे, यांविषयीं हें चिन्ह कांहींच सांगत नाहीं. वीजबिलासाठीं तें उपयोगी आहे. तेवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

उष्णतेचा हिशेब तर मुद्दाम करून पाहण्याजोगा आहे. असल्या कपॅसिटरचा ढोबळ नियम असा, कीं उष्णता १० अंशांनीं उतरली म्हणजे आयुष्य दुप्पट होतें. ८५ अंशांला २००० तास टिकेल असा कपॅसिटर पेटीच्या आंत ६५ अंशांवर चालला, तर तो सुमारें ८००० तास टिकेल. रोज आठ तास संगणक चालविणाऱ्या केंद्रांत हे हजार दिवस होतात, म्हणजे तीन वर्षांहून कमी. त्याच जागीं १०५ अंशांला २००० तासांचा कपॅसिटर घातला, तर ३२,००० तास, म्हणजे जवळ जवळ अकरा वर्षें. दोन कपॅसिटरांच्या किंमतींतला फरक थोड्या रुपयांचा, आणि आयुष्यांतला आठ वर्षांचा! धुळीनें जाळी बुजली, पंखा मंदावला, कीं हें गणित आणखी बिघडतें. म्हणून वर्षांतून दोनदां तरी, प्लग काढून, बाहेरच्या बाहेर धूळ फुंकून घ्यावी.

आतां पेटी न उघडतां काय ओळखतां येईल तें पाहूं. पेटी उघडूं नयेच. प्लग काढल्यानंतरहि मुख्य कपॅसिटरमध्यें तीनशें-चारशें व्होल्ट कांहीं वेळ दबा धरून बसलेले असतात. बाहेरची चिठ्ठी वाचली तरी पुष्कळ कळतें.

पहिली गोष्ट, १२ व्होल्टपुढें किती अँपिअर लिहिले आहेत तें पाहावें. आजचा संगणक बहुतेक वीज याच तारेवरून घेतो. अँपिअरला बारानें गुणलें, कीं खरे वॉट निघतात. वर उल्लेखिलेल्या व्हीएक्स ४५० वर ३३ अँपिअर होते. म्हणजे ३९६ वॉट. ४५० या आंकड्याला तें साजेसें आहे. परंतु ‘४५० वॉट’ असें मोठ्या अक्षरांत छापलेल्या एखाद्या पेटीवर १२ व्होल्टला १५ अँपिअर दिसले, तर ती १८० वॉटची पेटी आहे असें समजावें. हा गुणाकार दुकानांत उभ्या उभ्या करतां येतो.

दुसरी गोष्ट, आंत येणाऱ्या विजेची मर्यादा. कांहीं पेट्यांवर १०० ते २४० व्होल्ट असें असतें, कांहींवर फक्त २०० ते २४०. रब्बीच्या दिवसांत शेतांतील मोटारी एकदम सुरू झाल्या म्हणजे खेड्यांत दाब कसा खालीं येतो, हें सांगावयास नको. अशा ठिकाणीं पहिल्या तऱ्हेची पेटी शांतपणें चालत राहते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक. इलेक्ट्रॉनिक वस्तूंची नोंदणी सक्तीची करणारा आदेश भारत सरकारनें २०१२ सालीं काढला आणि पुढें यादी वाढत जाऊन तींत सुटे एसएमपीएसहि आले. चिठ्ठीवर आयएस १३२५२ किंवा त्याच्या जागीं आलेला आयएस/आयईसी ६२३६८ हा मानक, आणि त्याच्याजवळ ‘आर’ या इंग्रजी अक्षरानंतर आठ आंकडे छापलेले असतात. ही नोंदणी कारखान्याच्या जागेला मिळते. दुसऱ्या पत्त्यावरील कारखान्याला दुसरी घ्यावी लागते. म्हणून ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइलवरील अ‍ॅपमध्यें हा क्रमांक घातला, कीं माल घडविणाऱ्याचें नांव आणि पत्ता समोर येतो. पेटीवर ज्याची चिठ्ठी त्याचें नांव एक, आणि येथें दिसणारें नांव दुसरें, असें पुष्कळदां आढळेल. क्रमांक मुळींच नसेल, किंवा दुसऱ्याच वस्तूचा निघाला, तर पेटी परत करावी. अमेरिकेच्या यूएल या १८९४ सालच्या तपासणी संस्थेचा ‘ई’नें सुरू होणारा क्रमांक असेल, तर त्यावरूनहि मूळ कारखाना शोधतां येतो. मात्र या दोन्ही क्रमांकांनीं सुरक्षिततेची चाचणी झाल्याचें आणि मूळ घर कोणतें हें समजतें. पेटी दहा वर्षें टिकेल अशी हमी त्यांत नाहीं.

ही विद्या महाराष्ट्राला परकी आहे असेंहि नाहीं. प्रभाकर देवधर यांनीं १९६२ सालीं उभ्या केलेल्या ठाण्याच्या अप्लॅब कंपनीनें प्रयोगशाळांसाठीं व उद्योगांसाठीं पॉवर सप्लाय घडविले. डेल्टानेंहि तामिळनाडूंत कृष्णगिरी येथें कारखाना काढला आहे. घरगुती संगणकाची पेटी मात्र अद्याप बहुधा समुद्रापलीकडूनच येते.

जातां जातां एक गोष्ट सांगावयाची, कारण तिच्यामुळें चांगली पेटी बदनाम होते. नवा पॉवर सप्लाय बसविल्यावर संगणकाच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या येतात, अशी तक्रार खेड्यापाड्यांतून नेहमीं येते. आधींच्या स्वस्त पेटीला त्या येत नव्हत्या, म्हणून नवी सदोष ठरवून परत केली जाते. खरा प्रकार असा. वर सांगितलेल्या गाळणींतील दोन लहान कपॅसिटर विजेच्या दोन तारा आणि पेटीचा पत्रा यांच्यामध्यें जोडलेले असतात. त्यांतून निघणारा अत्यल्प प्रवाह अर्थिंगच्या तारेनें जमिनींत जावा अशी योजना असते. घराला अर्थिंगच नसेल, किंवा तीन कांट्यांचा प्लग दोन कांट्यांच्या सॉकेटांत कसाबसा बसविला असेल, तर पत्र्यावर निम्मा दाब, म्हणजे सुमारें ११५ व्होल्ट, तरंगत राहतो. स्वस्त पेटींत ती गाळणीच नव्हती. झिणझिण्या कोठून येणार? अशा वेळीं दुकानदाराकडे जाण्याऐवजीं वायरमनला बोलवावें, अंगणांत ओलसर जागीं नीट अर्थिंग करून घ्यावें, आणि उन्हाळ्यांत त्या खड्ड्याला अधून मधून पाणी घालावें. उत्तम कारखान्यानें कितीहि मन लावून पेटी घडविली, तरी तिचें शेवटचें टोंक आपल्याच अंगणांतील मातींत पुरलेलें असतें. तेवढा भाग घडविण्याचें काम घरमालकाचें आहे.